आर्विडचा आकडा

जुलैचा शेवटचा आठवडा चालू होता आणि मला काहीही कळेनासं झालं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटतं की काउंटरमागे उभी असलेली बाई नदीची कुंडली मांडूनच बसलेली आहे. टिंबर फोर्क नदीत आज ट्राउट कुठे आहेत, कोणती माशी बांधायची, किती वाजता पाण्यात उतरायचं, सगळं जेनेलला विचारा! मीही विचारू देते. गळ, दोरे आणि पिसांच्या खोट्या माश्या विकणाऱ्या दुकानाला दुसरं भांडवल काय असतं?

दाराशेजारी आमचा फळा आहे. नदीला पाणी किती, गढूळ की नितळ, कोणत्या किड्यांचे थवे उठतायत, मासे कुठल्या वळणाला आहेत, हे मी रोज त्यावर लिहिते. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, आदल्या दुपारचं तीन वाजताचं पाण्याचं तापमान. तो आकडा माझा नाही. तो माझ्या वडिलांचा, आर्विड हॉवर्सन यांचा. सव्वीस वर्षं ते रोज तीनला, नदीच्या ज्या वाकाला आम्ही कुंपणाचं वळण म्हणतो, तिथे जातात, पाण्यात उतरतात, थर्मामीटर बुडवतात आणि चिठ्ठीवर आकडा लिहून आणतात. राज्य सरकारचं यंत्र आहे, पण ते नऊ मैल वर, जुन्या पुलापाशी. गिऱ्हाइकांना होडीतून मासे धरायला नेणारे आमच्या भागातले सगळे गाइड डॅडच्या आकड्यावर चालतात.

त्या आकड्याचं महत्त्व असं की ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आमच्याकडे मासा पकडायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा, अशीच रीत आहे. पण पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे वीस सेल्सिअसच्या वर गेलं की त्याला श्वास पुरत नाही. अशा वेळी गळाला लावून दमवला आणि मग कितीही मायेनं सोडला, तरी तासाभरात पोट वर. सरकारची बंदी त्र्याहत्तरला येते, तीही ओळीनं तीन दिवस पारा चढला तर. डॅडनी स्वतःचा नियम अडुसष्टचा केला होता. अडुसष्ट दिसलं की दुसऱ्या दिवशी आमच्या होड्या बाराच्या आत काठाला. त्यांनी तो सुरू केला तेव्हा लोक दात काढायचे. ‘हॉवर्सन नदीला ताप आलाय का बघतो, उद्या गोळी पण देईल,’ असं म्हणायचे. आता तेच लोक बाराला होड्या पाण्याबाहेर काढतात आणि ही आपलीच अक्कल असल्यासारखं गिऱ्हाइकाला समजावतात. डॅड हसतात. आई गेल्यानंतर आणि होडी वल्हवणं सुटल्यानंतर त्यांच्याजवळ हा आकडाच उरला होता.

यंदा हिवाळ्यात बर्फ बेताचाच पडला. जुलैच्या सुरुवातीलाच नदीतले दगड उघडे पडले. पश्चिमेकडची जंगलं पेटलेली, धूर खोऱ्यात येऊन बसलेला, सूर्य दिवसभर तांबडा. सकाळी बारीक काळ्या किड्यांचे थवे, दुपारी वारा सुटला की गवतातले नाकतोडे पाण्यात पडायचे आणि ट्राउट त्यांच्यावर तुटून पडायचे. इतक्या उन्हात फळ्यावर सत्तरच्या पुढचा आकडा यायला हवा होता. पण डॅड रोज साडेतीनला आत यायचे, चिठ्ठी काउंटरवर ठेवायचे. चौसष्ट. पासष्ट. चौसष्ट.

"बघ, म्हातारीची तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणायचे. म्हातारी म्हणजे नदी. "कुंपणाच्या वळणाला काठालगत मासे नुसते दाटीनं उभे आहेत. लिही."

मी लिहायचे. वरचं सरकारी यंत्र एकाहत्तर, बहात्तर दाखवत होतं, ते मला कॉम्प्युटरवर दिसत होतं. पाणी खाली येता येता तापतं, निवत नाही, हेही मला कळतं. पण मधे कुठेतरी डोंगरातला एखादा ओढा मिळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. हंगाम भरात होता, होड्या दिवसभर चालत होत्या. मी खूश होते.

मंगळवारी अकराला लेलँड आत आला. लेलँड प्रुइट हा आमचा गाइड, एकतीस वर्षांचा, टेक्सासहून चार वर्षांपूर्वी आलेला. मला तो फारसा आवडत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट माहीत असते आणि त्याची टोपी माझ्या गाडीपेक्षा महाग आहे. त्या दिवशी त्यानं टोपी काढून काउंटरवर आपटली.

"सतरा," तो म्हणाला.

"सतरा काय?"

"मेलेले मासे. कुंपणाच्या वळणापासून खाली, मैलभरात. तेरा ट्राउट, चार व्हाइटफिश. माझ्या होडीतली बाई रडायला लागली, जेनेल. मला विचारते, हे आपण केलं का?"

"काहीतरी रोग असेल."

"रोग! काल दुपारी माझ्या थर्मामीटरवर बहात्तर होतं."

"तुझा थर्मामीटर दिवसभर होडीत उन्हात पडलेला असतो. डॅडच्या चिठ्ठीवर पासष्ट आहे."

"मग दोघांपैकी एक जण येडा आहे. आणि मी पाण्यात उभा होतो."

"तेही पाण्यात उभे होते. तू जन्मायच्या आधीपासून उभे आहेत."

त्याच्या तोंडावर जे होतं ते मला झोंबलं. डॅड त्या वेळी समोरच्या हॉटेलात कॉफी पीत बसले होते. त्यांचा थर्मामीटर खिळ्याला टांगलेला होता. मी तो काढला, लेलँडचा घेतला, दुकानातल्या खोक्यातून एक कोरा काढला, आणि काचेच्या भांड्यात बर्फ आणि पाणी घालून तिन्ही त्यात उभे केले. बर्फाच्या पाण्यात बत्तीस दाखवायला हवं. कोऱ्यानं बत्तीस दाखवलं. लेलँडच्यानं तेहतीस. डॅडच्या थर्मामीटरचा पारा बत्तीसच्या रेघेवर येऊन थांबला, केसभरही इकडे तिकडे नाही.

"चांगला आहे," लेलँड वाकून बघत म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मग काय भानगड आहे?"

"मला काय माहीत!" मी ओरडलेच त्याच्यावर.

थर्मामीटर बरोबर, माणूस बरोबर, आणि मासे मेलेले. मग डोळे? बारा वाजता डॅड एल्क हरणाच्या सॉसेजचं सँडविच खायला आले, तेव्हा मी गळांची बारीकशी पुडी त्यांच्यापुढे धरली.

"यावर काय लिहिलंय हो? मला दिसत नाहीये."

त्यांनी चष्माही लावला नाही. "वीस नंबर, वाकड्या टोकाचे, पंचवीस नग. आणि किंमत तू जास्तीची लावली आहेस. तुला चष्मा लागला वाटतं?"

"लागला असेल."

"तुझ्या आईलाही याच वयात लागला. चार महिने कबूल करत नव्हती."

डोळेही शाबूत. मग डोकं? ते काल कोण कोण आलं, कुणी काय घेतलं, सगळं सांगत होते. राहता राहिलं खोटं. दुकान चालावं, माझा हंगाम वाया जाऊ नये, म्हणून ते आकडा खाली ओढत असतील का? हा विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. या माणसानं अडुसष्टच्या नियमापायी स्वतःची चांगली गिऱ्हाइकं घालवली होती. पण एकदा आलेला विचार जाईना. ते सँडविच खात होते आणि मी त्यांच्याकडे चोरासारखी बघत होते.

पावणेतीनला त्यांची जुनी पिकअप निघाली. मी दाराला ‘लगेच येते’ची पाटी लावली आणि माझ्या गाडीतून, अंतर ठेवून मागे गेले. वडिलांचा पाठलाग! सत्तेचाळीस वर्षांची बाई, झुडपांआडून बापाला बघायला निघालेली. कुणी पाहिलं असतं तर महिनाभर गावाला विषय मिळाला असता.

कुंपणाच्या वळणावर नदीच्या मधोमध एक सपाट खडक आहे. डॅड कमरेइतक्या पाण्यातून त्या खडकापर्यंत जातात आणि तिथे, धारेत, थर्मामीटर बुडवतात. पूर्वी मी काठावर बसून हे शंभरदा बघितलं होतं. त्यामुळे ते आता तिथे जाणार, असं मी धरूनच चालले होते.

ते गेले नाहीत. ते काठाच्या वाळुंजाच्या झाडांपर्यंत आले. एका हातानं फांदी धरली, हळूहळू गुडघे वाकवले, खाली बसले. खिशातून थर्मामीटर काढला. त्याला दोरी बांधलेली होती. ती त्यांनी हातभर अंतरावर, काठाच्या पाण्यात सोडली आणि घड्याळाकडे बघत राहिले. वेळ झाल्यावर दोरी ओढली, वाचलं, चिठ्ठी लिहिली. मग उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा फांदी वाकली आणि ते गुडघ्यावर आले. चौथ्यांदा उठले आणि उभे राहून धापा टाकत नदीकडे बघत राहिले.

माझे पाय मला न विचारता पुढे गेले.

"डॅड."

ते दचकले. "तू इथे काय करतेस? दुकानात कोण आहे?"

मी काठाशी वाकले आणि हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. साधं गार नाही, बोटं आखडतील इतकं. वाळुंजांच्या मुळांतून, दगडांच्या फटींतून झरा झिरपत होता, आणि त्या हातभर रुंद पट्ट्यात, माझ्या सावलीखाली, ट्राउट उभे होते. लहान, मोठे, एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडं झऱ्याकडे. शंभर तरी असतील. माझी सावली पडली तरी हलेनात. कल्ले भराभर उघडझाप करत होते.

‘काठालगत मासे दाटीनं आहेत.’ माझ्याच अक्षरात, तीन आठवडे, फळ्यावर. मासे जीव वाचवायला या पट्ट्यात आले होते आणि आम्ही गिऱ्हाइकांना नेमकं इथेच पाठवत होतो.

"खडकाशी जाणं कधीपासून बंद केलंत?" मी विचारलं.

"पाणी पाणीच असतं, जेनेल."

"कधीपासून?"

ते फांदीची साल सोलत राहिले. "मे महिन्यात पडलो. पाण्याला ओढ होती. खाली, त्या लाकडाच्या ओंडक्यापर्यंत वाहत गेलो. ओंडका होता म्हणून वाचलो. तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस गाडीची."

"घेतलीच असती!"

"बघ. म्हणून नाही सांगितलं."

मी रागावू की त्यांना मिठी मारू, मला कळेना. मी रागावले, कारण ते सोपं होतं. "आणि हा झरा? सत्तर वर्षं या नदीवर काढलीत आणि झरा कळला नाही तुम्हाला?"

"मे-जूनमध्ये सगळंच बर्फाचं पाणी असतं. काठ काय, मध काय, एकच आकडा. मला वाटलं, चालतंय. मग जुलैत इथे मासे दिसायला लागले. रोज वाढत होते. मी म्हटलं, वा, नदी बरी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. "इतके मासे एका जागी का उभे राहतात, हे मला दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. मला कळत होतं का नव्हतं, तेच आता कळत नाहीये. खरंच सांगतो. थर्मामीटरनं जे दाखवलं ते मी लिहिलं. एकही आकडा खोटा नाही लिहिला."

"माहीत आहे."

"तुला वाटलं होतं ना, की मी खोटं लिहितोय?"

मी त्यांच्या हातातला थर्मामीटर घेतला आणि बूट न काढताच पाण्यात शिरले. उत्तर द्यायला लागू नये म्हणून. काठापासून चार पावलांवर पाणी कोमट झालं, सहा पावलांवर आंघोळीचं. मागून डॅड ओरडत होते, "डावा पाय आधी! तो हिरवा दगड नको, घसरशील! कडेनं, अगं कडेनं!" खडकाशी पोचले, धारेत थर्मामीटर धरला. पारा चढला आणि थांबला. चौऱ्याहत्तर.

"किती?" ते काठावरून ओरडले. एक हात फांदीवर, एक कपाळावर.

मला तो आकडा तिथून ओरडवेना. मी परत आले आणि थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. खिशातली पासष्टची चिठ्ठी काढून चुरगळली.

निघण्याआधी त्यांच्या पिकअपमध्ये शेजारी बसून मी त्यांना म्हटलं, "ऐका. मी सगळ्यांना सांगते की थर्मामीटर बिघडला होता. होतं असं. कुणाला काही विचारायचं कारण नाही."

ते खिडकीतून धुराकडे बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं.

दुकानात लेलँड आणि आणखी दोन गाइड दारातच उभे होते. मी सरळ फळ्याशी गेले, पासष्ट पुसलं, चौऱ्याहत्तर लिहिलं, मासे कुठे आहेत ती ओळही पुसली. "उद्यापासून बाराच्या आत होड्या बाहेर," मी जाहीर केलं. "कुंपणाच्या वळणाला कुणी थांबायचंच नाही. डॅडचा थर्मामीटर बिघडला होता."

"बिघडला?" लेलँड म्हणाला. "अगं, सकाळी आपणच तर बर्फात घातला होता. बत्तीस दाखवलं त्यानं. तू, मी, दोघांनी बघितलं."

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती. खोटं बोलायला एक बरं डोकं लागतं, ते त्या दिवशी माझ्याजवळ नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, बर्फात वेगळं, गरम पाण्यात वेगळं. दोघं गाइड एकमेकांकडे बघायला लागले.

"थर्मामीटर चांगला आहे," डॅड म्हणाले.

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. टोपी हातात.

"मी काठावरून मोजत होतो. झऱ्याच्या पाण्यात. मला आता खडकापर्यंत जाता येत नाही. मे महिन्यापासून."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, असू द्या हो आर्विड, होतं कधी कधी. मी त्याची वाटच बघत होते.

"सतरा मासे, आर्विड," लेलँड म्हणाला. "मी मोजलेले. न मोजलेले किती, देव जाणे. मी त्या बाईला सांगितलं, काळजी करू नका, आमच्या आर्विडचा आकडा पासष्ट आहे."

"माहीत आहे."

"मी तुमच्यावर... मला नाही पटलं होतं खरं तर. पण सगळे म्हणायचे, आर्विड म्हणतो म्हणजे झालं."

"लेलँड, बस कर," मी म्हटलं.

"त्याला बोलू दे." डॅड काउंटरपर्यंत चालत आले. चालताना त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही, हे मला पहिल्यांदाच दिसलं. मे महिन्यापासून ते माझ्यासमोर असेच चालत असणार. त्यांनी थर्मामीटर खिशातून काढला, ओल्या दोरीसकट लेलँडच्या टोपीशेजारी ठेवला. "उद्यापासून तीनला तू जा."

लेलँडनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. हा थर्मामीटर कधी ना कधी माझ्याकडे येणार, हे मी न बोलता धरून चालले होते.

"मी?" तो म्हणाला. "जेनेल आहे की."

"जेनेल नको. एवढ्या सगळ्यांत एकट्या तुलाच माझा आकडा पटला नव्हता."

"मला तुमचा राग आलाय, आर्विड," लेलँड म्हणाला.

"म्हणूनच तू."

डॅडनी टोपी घातली आणि ते बाहेर पिकअपकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर वळले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. मग ते दुसऱ्या बाजूनं जाऊन शेजारच्या सीटवर बसले आणि मी त्यांना घरी कधी नेते याची वाट बघायला लागले.

लेलँड अजून थर्मामीटरला हात लावत नव्हता. मी सव्वीस वर्षं वडिलांच्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यांनी मला नको म्हटलं ते त्याच कारणानं. ते बरोबर होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. तरीही मला रडू येत होतं, आणि ते माशांसाठी, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला गाडी सुरू करेपर्यंत ठरवता आलं नाही.